मन्मथअप्पा आणि बारा डब्या

दिंद्रुडमध्ये मन्मथअप्पांनी चहा सांगितला की समोरच्याचा चेहरा पडायचा. बसथांब्याशेजारी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, अलीकडे कॉम्प्युटर, काहीही. वस्तू दुरुस्त झाली असेल तर ते ती न बोलता पुढं सरकवायचे. पण पलीकडच्या हॉटेलाकडं बघून त्यांनी दोन बोटं वर केली, की समजायचं, वस्तू गेली. उभ्या माणसाला वाईट सांगू नये, आधी बसवावं, हातात काहीतरी गरम द्यावं, असा त्यांचा नियम होता. बायाबापड्या दारातूनच हात जोडायच्या, "अप्पा, चहा नगं! काय बी करा, पर चहा सांगू नगा!"

मला हे ठाऊक नव्हतं. लग्न होऊन मी अंबाजोगाईहून इथं आले, शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि पहिल्याच दिवाळीत माझा मिक्सर बसला. अप्पांनी चहा मागवला. मी तो चवीनं प्यायले, वर "आलं छान घातलंय हो" असंही म्हणाले. दुकानातल्या दोघातिघांनी मयताच्या घरी जेवणाची तारीफ करणाऱ्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "प्या बाई, निवांत प्या." कप खाली ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, "गेला त्यो."

अप्पा जाऊन आता दोन वर्षं होतील. गावात दुसरं दुकान झालंय, त्या मुलाला काम येतंही. पण तो "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या" हे मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो. मला त्याचा राग येतो. राग यायचं काही कारण नाही, पण येतो.

अप्पा अंगानं काटक होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, आणि दोन चष्मे. एक नाकावर, एक कपाळावर. दोन्हीतून दिसलं नाही की ते डोळे मिटायचे आणि बोटानं चाचपायचे. उमेदीची वर्षं त्यांनी परळीत काढली होती. तिथल्या थर्मल वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडं ते मीटर दुरुस्त करायचे. ठेका संपला तसे गावी आले. पण परळीची राख त्यांच्या नाकातून गेली नव्हती. एखादा टीव्ही उघडला की वास घेऊन सांगायचे, "ह्यो परळीतनं आलाय. पावण्याकडून घेतला का?" आणि तो खरोखर परळीच्या मेव्हण्याकडून आलेला असायचा.

उघडलेल्या प्रत्येक वस्तूचं पोट ते कागदावर काढून ठेवत. कागद म्हणजे लग्नपत्रिका. आमच्याकडं घरटी पोतंभर पत्रिका साठतात, आणि वर गणपती असल्यामुळं टाकवतही नाहीत. अप्पा त्या मागून आणायचे. कोऱ्या बाजूला बारीक रेघांनी तारा, ठिपके, आकडे. पुढून चि. सौ. कां. अमुकतमुक, मागून कुणाच्या तरी फ्रीजचं आतडं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "उघडल्याबिगर बोलायचं न्हाई." हे ते यंत्राबद्दल म्हणत, आणि माणसांबद्दलही. एकदा हॉटेलात दोघं जण कुणाच्या तरी सुनेबद्दल काहीबाही बोलत होते. अप्पा कप तोंडाशी नेता नेता थांबले आणि म्हणाले, "तू उघडून बघितलंस का बे?" दोघंही कप ठेवून उठले. मला हे वाक्य फार उपयोगी पडलंय. शिक्षकांच्या खोलीत तर रोज.

आणि ते खोटं लिहून देत नसत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष नाना. नानांचा शब्द गावात सहसा खाली पडत नाही. नानांना एकदा मोठा टीव्ही हवा होता. जुना वॉरंटीत होता. त्यांच्या माणसानं तो गाडीत घालून आणला आणि म्हणाला, "जळालाय म्हणून लिहून द्या, कंपनी बदलून देते." अप्पांनी टीव्ही लावला. त्यावर कीर्तन सुरू झालं. अप्पा म्हणाले, "गाणं म्हनतंय की. जित्याला मेलं कसं लिहू?" माणूस म्हणाला, "नानांनी सांगितलंय." अप्पा म्हणाले, "मग नानालाच लिहू दे." टीव्ही जसा आला तसा परत गेला. पुढं वर्षभर नानांच्या घरचं काही अप्पांकडं आलं नाही. त्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "बरं झालं. त्यांच्या वस्तूला लई बटणं आस्त्यात."

आता त्या बारा डब्यांकडं येते.

आमच्या शाळेत सरकारी टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र होतं. केंद्र ठेवायचं तर चालू स्थितीतले दहा कॉम्प्युटर दाखवावे लागत. आमचे जुने कॉम्प्युटर एकामागून एक बसले, आणि केंद्र माजलगावला जाणार अशी बातमी आली. पोरांना त्याचं काही नव्हतं, ती मोटारसायकलला टांग मारून माजलगाव गाठतात. प्रश्न मुलींचा होता, आणि मुलींमध्येही कोमलचा. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. कारकुनाच्या जागेचा अर्ज भरायचा तर टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. तिचे वडील बळीरामआबा, वीस एकराचे शेतकरी. त्यांनी स्पष्ट सांगितलेलं, "गावात हाय तवर दे परीक्षा. माजलगाव-बिजलगावला जायाचं न्हाई." ते झालं नाही तर काय, हे सांगायची गरज नव्हती. पाहुणे विचारून जात होते.

मला ती टायपिंगची पोर आवडायची. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. अप्पांनी तिला एक मेलेला कीबोर्ड दिला होता. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. ती तो मांडीवर घेऊन ओसरीत तासभर बडवायची. आबा म्हणायचे, "पोरगी येडी झाली का काय!" पण कीबोर्ड त्यांनी कधी काढून घेतला नाही, हेही खरं.

केंद्र जाणार म्हटल्यावर नाना पेटले. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न. बीडला एक कार्यालय बंद झालं होतं, त्याच्या सामानाचा लिलाव होता. तिथून नानांनी बारा मशीनं आणली. प्रत्येक मशीन साधारण शब्दकोशाएवढं, काळं, गुळगुळीत. मी विचारलं, "नाना, एवढंसं?" नाना हसले. "बाई, तुमी मराठीच्या. टीव्ही आधी केवढा होता? आता भिंतीला चिकटतो. फोन केवढा होता? जेवढं ल्हान, तेवढं नवं." या युक्तिवादात मला चूक सापडेना. आमच्या गावात कुणालाच सापडली नाही. दारावर 'अत्याधुनिक संगणक कक्ष' अशी पाटी लागली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

उद्घाटनाला तालुक्यातून पाहुणे आले. नारळ फुटला, फीत कापली, बाराच्या बारा पडदे एकदम उजळले, आणि प्रत्येकावर एक गोल चक्र फिरायला लागलं. खाली इंग्रजीत एक ओळ होती. सर्व्हर शोधतोय, अशा अर्थाची. नाना म्हणाले, "बगा! बारा मशीनं, एका तालात!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांचं भाषण होऊन, फराळ होऊन, गाड्या गेल्या तरी चक्रं फिरतच होती. कक्षाचा चार्ज माझ्याकडं होता, कारण विज्ञानाचे सर त्या दिवशी रजेवर होते. मी एकटी त्या बारा चक्रांसमोर संध्याकाळपर्यंत बसले. मग एक डबी पिशवीत घातली आणि अप्पांकडं गेले. वरातीमागून घोडं.

अप्पांनी डबी आधी तळहातावर तोलली. मग जाळीला नाक लावलं. मग म्हणाले, "आत काय हाय का न्हाई, बाई? वासच न्हाई." मागचे दोन स्क्रू काढून त्यांनी झाकण सरकवलं आणि किती तरी वेळ नुसतं बघत राहिले. आत धुळीचा कण नव्हता. हिरव्या पट्टीवर ॲल्युमिनियमची एक खाचखाचांची छोटी वीट, बाकी शांत.

"ह्याला पंखाच न्हाई."

"मग वाईट आहे का?"

"वाईट कावून? पंखा न्हाई म्हून धूळ वढली न्हाई. हे परळीत आसतं तर लई वर्सं जगलं आसतं." मग त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मला एकेक दाखवायला लागले. "ही रॅम. एकच जागा. दोनची पट्टी हाय, चारची बसंल, त्याच्या म्होरं न्हाई. ही साठवायची चिप, बोटाच्या पेराएवढी. टायपिंगचं समदं ह्याच्यात घालाया गेलं तर दारातच आडकंल. आन् ह्यो प्रोसेसर. ह्याला बोर्डावरच डाग दिलाय. काढता येत न्हाई, बदलता येत न्हाई. जन्माचा जोडीदार."

त्यांनी एका पत्रिकेमागं सगळा नकाशा काढला. डबी तीन दिवस ठेवून घेतली. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले तेव्हा कोमल तिथं होती. कीबोर्डच्या उडालेल्या अक्षरांवर लावायला चिकटपट्टी मागायला आली होती. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि हॉटेलाकडं बघून बोटं वर केली. तीन.

मी म्हणाले, "अप्पा, मला चहा नको."

"बसा, बाई."

चहा आला. मी घेतला. ते म्हणाले, "हे मशीन सोता इचार करीत न्हाई. ह्याला थिन क्लायंट म्हन्त्यात. इचार करनारं मोठं मशीन दुसरीकडं आस्तं. हे निस्तं त्याला इचारतंय आन् चित्र दाखवतंय. आपल्या सरपंचबाईवानी. सही हिची, डोकं दुसरीकडं." मी त्यांच्याकडं रोखून बघितलं. "तुमाला न्हाई म्हनलं," ते घाईनं म्हणाले. "त्ये मोठं मशीन न्हाई आलं लिलावात. त्येच्याबिगर ह्ये बारा डबे हायेत, बाई. निस्ते डबे."

मोठं मशीन आणा असं मी नानांना सांगून बघितलंच. नाना दुखावले. "पुन्हा मोठं? आपण मुद्दाम ल्हान घेतलं ना!"

पण ते नंतरचं. त्या वेळी दुकानात कोमल उभी होती. तिनं कप हातात घेतला होता, तोंडाला लावला नव्हता. ती म्हणाली, "म्हंजी केंद्र जातंय का, बाई?" एवढ्या मुलांना मी निबंध शिकवते, आणि त्या पोरीला द्यायला माझ्याकडं एक वाक्य नव्हतं. तिनं चिकटपट्टी घेतली, भरलेला कप फळीवर ठेवला आणि निघाली.

अप्पांनी त्या कपाकडं बघितलं. मग डबी पुन्हा ओढली आणि दुसऱ्यांदा झाकण काढलं. चहा होऊन गेलेली वस्तू अप्पांनी परत उघडली, असं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं. बोर्डाच्या एका कडेला त्यांनी बोट टेकवलं. "हितं बगा. हार्डडिस्क जोडायची जागा आखलेली हाय. सात ठिपके. सॉकेट बसवलं न्हाई कंपनीनं. पाया भरून भिंत बांधली न्हाई, आसं." ठिपके साबुदाण्याहून लहान होते. "म्या बसवतो."

"तुम्हाला दिसतं का एवढं?"

"दिसत न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचा महिना अप्पा गावभर फिरले. मेलेले लॅपटॉप कुणाकुणाच्या कपाटात पडलेत हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण प्रत्येकावर त्यांनीच चहा पाजलेला. ते दारात जायचे, चप्पल काढायचे आणि विचारायचे, "तुमच्या त्या लॅपटॉपमधली रॅम आन् डिस्क शाळेला देता का? पोरींसाठी हाय." खतवाल्या दुकानदारानं दिला. लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं दोन दिले. पुण्याला नोकरीला असलेल्या एका मुलाच्या आईनं आधी नाही म्हटलं. लॅपटॉप बंद होता, पण मुलाच्या हाताचा होता. अप्पांनी आग्रह केला नाही. आठवड्यानं ती बाई स्वतः पिशवी घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "आतलं काढा, पर वरचं टोपन मला ऱ्हाऊ द्या." अप्पांनी आतलं काढलं, स्क्रू पुन्हा लावले आणि लॅपटॉप पुसून तिच्या हातात दिला.

डिस्क डबीत मावत नव्हती. म्हणून ती झाकणावर दुहेरी पट्टीनं चिकटवली, आणि वायर खाचेतून आत. दिसायला ते भयंकर होतं. पण एके दुपारी, चक्राच्या जागी, पडद्यावर विंडोजचं ओळखीचं निळं आभाळ आलं. अप्पा टाळी वाजवणारे नव्हते. ते म्हणाले, "आलं," आणि पुढची डबी ओढली. दोन डब्या त्यांच्या हातून जळाल्या. त्या दोन्ही वेळी त्यांनी स्वतःसाठी चहा सांगितला. उरलेल्या दहा चालू झाल्या.

दहा! मोजून दहा. संथ होत्या, बटण दाबल्यावर पडदा यायला वेळ लागायचा, पण टायपिंगला कुठं पळायचं असतं? कोमल पहिल्यांदा जिवंत कीबोर्डवर बसली तेव्हा तिच्या बोटांना अक्षरं शोधावी लागली नाहीत. पडद्यावर ओळी येत गेल्या आणि तीच दचकली. इतके महिने तिनं लिहिलेलं तिला कधी दिसलं नव्हतं. अप्पा दारात उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला वाटलं, हत्ती गेला, शेपूट राहिलं.

शेपूट म्हणजे तपासणी. केंद्राची पाहणी करायला एक तरुण अधिकारी आला. चांगला मुलगा होता, उगाच रुबाब नाही. त्यानं दहा मशीनं बघितली, डिस्का बघितल्या, अप्पांना नमस्कार केला. म्हणाला, "काका, असं काम मी कुठं पाहिलं नाही." मग त्यानं आपला फॉर्म काढला. फॉर्म ऑनलाइन. त्यात प्रोसेसरचा रकाना होता, आणि त्यात लिहायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. त्यानं यादी वर सरकवली, खाली सरकवली. आमच्या डब्यांचा प्रोसेसर यादीत नव्हता.

"मॅडम, हा चालत नाही. मशीन चालतंय, पण हा चालत नाही. हा बदलता येईल का?"

त्याला डाग दिलाय, हे मला आता कळत होतं. मी अप्पांकडं बघितलं. आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी अधिकाऱ्याला म्हणाले, "यादीतला जवळचा एखादा निवडा ना. तंत्रज्ञाचा दाखला जोडू."

तो विचारात पडला. "दाखला असेल तर... त्यांची सही लागेल. त्यांच्या जबाबदारीवर."

मी शाळेचा कोरा कागद अप्पांसमोर ठेवला. कुणी त्यांना काही समजावलं नाही. कोमल शेवटच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीत घेऊन. अप्पांनी एकदा तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मग चष्मा बदलला आणि त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं, की सदर मशीनं मी तपासली असून आतील प्रोसेसर अमुक आहे. खाली सही. नानांच्या टीव्हीला ज्यांनी मेला म्हटलं नाही, त्यांनी हे लिहिलं. आणि मी कागद उचलून अधिकाऱ्याकडं दिला.

अधिकाऱ्यानं यादीतलं नाव निवडलं. पुढचं पान उघडलं. त्यावर सूचना आली, की प्रत्येक मशीनवर तपासणीचा एक छोटा प्रोग्रॅम चालवावा. त्यानं तो चालवला. प्रोग्रॅमनं आपणहून आत बघितलं आणि पडद्यावर प्रोसेसरचं खरं नाव लिहिलं. शेजारी लाल फुली. दुसऱ्या मशीनवर तेच. दहाही पडद्यांवर तेच.

"मशीनच सांगतंय, मॅडम," तो मुलगा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मी काय करू सांगा? पुढचं बटणच उमटत नाही."

कुणाशी भांडायचं? तो बिचारा उन्हातान्हात बीडहून आलेला. नाना गावाबाहेर. यादी करणारा कुठं बसतो हे त्या मुलालाही ठाऊक नव्हतं. मी त्याला पाणी दिलं. एवढंच माझ्या हातात होतं.

अप्पा उठले. "त्यो कागद द्या माझा." त्यानं दिला. अप्पांनी त्याची घडी घालून खिशात ठेवली. बाहेर पटांगणात आल्यावर ते मला म्हणाले, "उभ्या जन्मात एक खोटं लिवलं, बाई. त्ये बी चाललं न्हाई."

मी म्हणाले, "चूक माझी आहे, अप्पा."

"आता कुनाची बी आसू द्या," ते म्हणाले.

केंद्र माजलगावला गेलं. आमच्या तीन मुलींचे फॉर्म तिकडं वळवले गेले. दोघींच्या घरून, बाई सोबत असतील तर जाऊ दे, असं आलं. राहिली कोमल. अप्पा आबांकडं गेले. मी बरोबर होते. आबांनी अप्पांना आदरानं गादीवर बसवलं, स्वतः खाली बसले. अप्पा म्हणाले, "आबा, मी सोता पोरीला नेतो आन् आनतो. हात जोडतो." आबा गडबडून गेले. "तुमी कशाला हात जोडता? तुमच्यावर इश्वास हाय, अप्पा. लोकांवर न्हाई. थोरल्या पोरीच्या वक्ताला काय काय बोलले लोक, तुमी ऐकलंय. मला दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं." मग आतल्या दाराकडं बघून ते म्हणाले, "बरं. तुमी हाय म्हून पाठवतो." दारामागं बांगड्या वाजल्या. परतताना अप्पा रस्ताभर भराभर चालत होते.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी फक्त अप्पा राहतील. परीक्षेच्या दिवशी पहाटेच परतूरकडचे पाहुणे कोमलला बघायला आले. न कळवता आले, आणि आबांना त्यांना परतवता आलं नाही. आबांनी मुद्दाम बोलावलं होतं, असंही गावात म्हणतात. मी उघडून बघितलेलं नाही. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. अप्पा लग्नाला गेले नाहीत, आणि पुढच्या थंडीत झोपेतच गेले. दहा डब्या शाळेत आहेत. पहिलीची मुलं त्यांच्यावर रंगीत चित्रं काढतात.

पण अप्पा म्हटलं की मला परीक्षेच्या सकाळचा बसथांबाच दिसतो. सात वाजता एसटी आली ती भरूनच. मी दोन मुलींना घेऊन रेटत चढले. अप्पा धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत खालीच उभे, गल्लीकडं तोंड करून. आमच्याकडं गाडीत जागा धरायची रीत तुम्हाला माहीत असेल. एक खिडकीजवळची जागा रिकामी होतेय असं दिसताच अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि खिडकीतून त्या सीटवर टाकलं. "बाई, कोमलची हाय. ध्यान ठेवा!"

कंडक्टरनं घंटी मारली. अप्पांनी दाराच्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा जमिनीवरच. "येक मिनिट," ते म्हणाले. "पोरगी येतीय. परीक्षा हाय तिची." कंडक्टर थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गल्लीत कुणी नव्हतं. एक म्हातारी शेण गोळा करत होती. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, आत तरी या, न्हाईतर उतरा तरी. लोकांना जायाचंय." अप्पांनी पुन्हा एकदा गल्लीकडं बघितलं आणि पायरीवरचा पाय काढून घेतला.

"तुमी व्हा म्होरं," ते खिडकीशी येऊन मला म्हणाले. "मी आनतो तिला. मागच्या गाडीनं येतो आमी."

मागची गाडी साडेनऊची होती आणि परीक्षा नऊची. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हणाले, "या, अप्पा."

गाडी निघाली. मागं वळून बघितलं तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, पाठ आमच्याकडं, तोंड गल्लीकडं. मग वळण आलं.

पुढच्या थांब्यावर माणसं चढली. कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्याजवळ येऊन थांबली. तिनं सीटवरच्या उपरण्याकडं बोट केलं आणि विचारलं, "बाई, हितं कुनी हाय का?"

"आहे," मी म्हणाले.

माजलगाव येईपर्यंत आणखी चौघांनी विचारलं. चौघांनाही मी तेच सांगितलं.